बाबा कुठं रडले होते?

कॉलेजच्या पहिल्या वर्षी वक्तृत्वाच्या कार्यशाळेत आम्हाला तीन गोष्टी शिकवल्या. सुरुवात सुविचाराने नको, प्रसंगाने करा. तिसऱ्या रांगेतल्या एका माणसाकडे बघून बोला. आणि वाक्य संपल्यावर थांबायला घाबरू नका. मला थांबणं फारच छान जमलं.

पुण्यातल्याच एका स्पर्धेत विषय शेतीचा आला. मी लातूरकडचा, त्यामुळे बाबांचीच गोष्ट सांगितली. काढलेलं सोयाबीन पावसात भिजलं, त्या वर्षी ते सावकाराच्या ओट्यावर बसले होते. ‘डोळे पुसत’ म्हणालो आणि दोन सेकंद थांबलो. सभागृह चिडीचूप. पहिला नंबर आला.

मित्राने व्हिडिओ पाठवला, तो मी घरच्या ग्रुपवर टाकला. रात्री बाबांचा फोन आला. “चांगलं बोललास. पण मी कुठं रडलो होतो रे?”

ते रागावले नव्हते. म्हणूनच जास्त लागलं. मला वाटलं होतं, एक छोटी थाप मारलीय. खरं तर मी माणूसच बदलला होता. न रडता तासभर बसलेला बाप परीक्षकांना कळला नसता, म्हणून मी त्यांना कळेल असा बाप उभा केला.

मग दुसऱ्याचं दुःख स्टेजवर सांगूच नये का? तसंही नाही. याच पुण्यातून १८८२मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला लेखी निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हे त्यात स्पष्ट मांडलं. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं मागितलं. ते तेव्हा गप्प बसले असते, तर तोही अन्यायच ठरला असता. पण तिथे दुःखामागे एक मागणी होती. माझ्या भाषणातून टाळ्या वजा केल्या, तर उरत होतं फक्त सर्टिफिकेट.

मैत्रीण म्हणाली, “गोष्ट रंगवल्याशिवाय कोण ऐकतं?” तिचं थोडं पटतं. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, ही कला आहे. त्यात पाप नाही. पण ज्याची गोष्ट आहे तोच तिसऱ्या रांगेत बसला असता, तर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं असतं का?

पुढच्या स्पर्धेआधी भाषण बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी सावकाराचं नाव काढायला लावलं. “माणूस वाईट नव्हता तो,” म्हणाले. आणि एक गोष्ट घालायला सांगितली: पीकविम्याचे पैसे वेळेत आले असते, तर त्या ओट्यावर जावंच लागलं नसतं.

या वेळी नंबर आला नाही. व्हिडिओ मात्र बाबांनी स्वतःच गावच्या ग्रुपवर टाकला.