मुक्या पिलाची साक्ष

सदलग्यात कुणाची म्हैस व्याली की शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चीक पोहोचतो आणि त्या दिवशी घरोघर खरवस होतो. अशाच एका घरी आम्ही बसलो असता, बेळगावास औषधशास्त्र शिकणारा थोरला मुलगा आपल्या अभ्यासातील गोष्ट सांगू लागला. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिलाच्या मेंदूत केसासारख्या बारीक तारा बसवून तेथील विजेच्या हालचाली टिपतात, असे तो म्हणाला. शब्बाथशाळेत जाणारी त्याची धाकटी बहीण चटकन बोलली, "दादा, त्याला दुखत न्हाई व्हय?" दादा हसला. "एवढ्याशा जिवाला काय कळतंय गं!"

आम्हांस मात्र हसता आले नाही. मुलीचा प्रश्न घेऊनच आम्ही घरी आलो.

हे प्रयोग कशासाठी करतात, ते आधी नीट समजून घेतले पाहिजे. उंदराचे पिलू जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर केस नसतात, आणि डोळे उघडायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्या काळात त्याच्या मेंदूची घडण चालू असते, म्हणून अभ्यासक त्याच्याकडे वळतात. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझल ह्यांनी मांजराच्या पिलांचा एकेक डोळा शिवून बंद केला व मेंदूतील पेशींची नोंद घेतली. पहिल्या काही आठवड्यांत डोळ्याला उजेड मिळाला नाही, तर पुढे तो उघडूनही मेंदू त्याचा निरोप घेत नाही, असे त्यांना दिसले. १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया लवकर का करावी, हे डॉक्टरांना ह्या कामामुळे स्पष्ट झाले. आपल्याकडेही असे काम चालते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिलांच्या मेंदूतील काही पेशी पहिल्या दोन आठवड्यांत औषधाने रोज चेतवल्या. ती पिले मोठेपणी भित्री व खचलेल्यासारखी वागली, असे त्यांनी २०२० साली प्रसिद्ध केले. बालपणीच्या आघाताने मन आयुष्यभर का दुखावते, हे कळण्यास अशा कामाची मदत होते.

तेव्हा लाभ खरा आहे. पण किंमतही खरी आहे. पिलाला आईपासून दूर करावे लागते, डोके उघडावे लागते, आणि प्रयोग संपल्यावर बहुधा त्याला मारावे लागते.

आता त्या दादाच्या वाक्याकडे येऊ. "एवढ्याशा जिवाला काय कळतंय," हे वाक्य एके काळी माणसाच्या बाळाविषयीही बोलले जात असे. फार जुनी गोष्ट नाही. १९८० च्या सुमारापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. त्यांच्या नसा अजून कच्च्या आहेत, त्यांना वेदना कळत नाही, असा समज होता. इंदूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत आनंद ह्यांनी इंग्लंडमध्ये दिवस न भरलेल्या बाळांचा अभ्यास करून १९८७ साली दाखवून दिले की, वेदनाशामक औषध नीट दिले तर अशी बाळे शस्त्रक्रियेतून अधिक सुखरूप बाहेर पडतात. त्याच दशकात लंडनमध्ये मारिया फिट्झजेराल्ड ह्यांनी नवजात उंदरांच्या मज्जारज्जूतील पेशींची नोंद घेतली. लहान पिलाच्या नसा मोठ्या उंदराच्या नसांहून हलक्या स्पर्शानेही चेततात, असे त्यांना आढळले.

येथे थोडे थांबावे. बाळाला दुखते, ह्याची एक साक्ष उंदराच्या पिलाने दिली. ती साक्ष आपण मानली आणि आपल्या बाळांस भूल मिळू लागली. मग साक्षीदाराला स्वतःला मात्र काही कळत नाही, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? त्याच्या नसा आपल्यासारख्या नसतील तर प्रयोग निरुपयोगी आहे. आणि त्या आपल्यासारख्या असतील, तर त्यालाही दुखते. प्रयोगाचा लाभ घ्यायचा आणि वेदना नाकारायची, अशी दुहेरी सोय आपल्याला मिळणार नाही.

आमच्या गावी जैन बांधवांची वस्ती मोठी आहे. २०२४ साली समाधिस्थ झालेले आचार्य विद्यासागर महाराज १९४६ मध्ये येथेच जन्मले. मुक्या जिवांची दया हा त्यांचा विषय, आपला नव्हे, असे काही ख्रिस्ती लोकांस वाटते. पण लेवीय २२:२७, २८ उघडून पाहावे. वासरू जन्मले की सात दिवस ते आईजवळ राहू द्यावे, आणि माय व पिलू एकाच दिवशी मारू नये, अशी तेथे आज्ञा आहे. बलिदानाला परवानगी होती, पण त्या परवानगीला कुंपण होते.

आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही असे कुंपण आहे. प्रयोगांवर देखरेखीसाठी समिती नेमण्याची तरतूद त्यात आहे, आणि शक्य तेथे भूल द्यावी असेही त्यात म्हटले आहे. परंतु त्याच कायद्यात, लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठ्यांवर प्रयोग टाळावेत, असाही विचार आहे. ससा, बेडूक, उंदीर ह्यांची नावेच तेथे आली आहेत. लहान म्हणजे कमी दुखणारा, ही समजूत अशी आपल्या सर्वांच्या मनात दडून बसलेली असते.

मग हे प्रयोग सरसकट बंद करावेत काय? ज्या आईचे दिवस न भरलेले मूल काचेच्या पेटीत श्वासासाठी धडपडत आहे, तिच्यासमोर उभे राहून तसे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही. पण इतके आम्ही निश्चित म्हणतो: ज्याला हे करावेच लागते त्याने "त्याला कळत नाही" ह्या वाक्याचा आधार घेऊ नये. त्याला कळते, हे जाणून, दुसरा मार्ग आहे का ते आधी शोधावे. नसेल तर पिले थोडकीच घ्यावीत, भूल पुरी द्यावी, आणि घेतलेल्या जिवाचे ओझे मनावर राहू द्यावे. ते ओझे उतरले की हात सैल सुटतात.

प्रयोगशाळा आपल्यापासून दूर असली तरी गोठा अंगणातच आहे. रेडा जन्मला म्हणून त्याला उपाशी ठेवणे, मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीला फसवून पान्हा सोडवणे, हे आमच्या पाहण्यातले आहे. तेथेही तेच वाक्य ऐकू येते: मुक्या जनावराला काय कळते!

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ह्या मुलीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. "होय, त्याला दुखते," असे सरळ उत्तर द्यावे. पुढच्या वेळी म्हैस व्याली की आधी रेडकाचे पोट भरू द्यावे. खरवस त्यानंतरही होतो.