दहा पिकोफॅरड

पॉवर अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्याला ट्रान्झिस्टरबरोबर एक कपॅसिटर फुकट मिळतो, नको असताना. ड्रेन आणि सोर्स यांच्यामध्ये तो ठाण मांडून बसलेला असतो आणि उपटून काढता येत नाही. काम एकाच फ्रिक्वेन्सीवर असेल तर एक कॉइल लावून त्याचं तोंड बंद करता येतं. रुंद पट्टा हवा म्हटलं की मात्र कॉइल एका ठिकाणी त्याला गप्प करते आणि तो दुसरीकडे बोलू लागतो.

हेंड्रिक बोडे यांनी 1945 च्या आपल्या ग्रंथात या हट्टाचं मोजमाप केलं, रॉबर्ट फॅनो यांनी 1950 मध्ये ते व्यापक केलं. समजा, लोड तीस ओहमचा आहे आणि कपॅसिटर दहा पिकोफॅरडचा. परत फिरणारी शक्ती एक टक्क्यावर रोखायची असेल तर पट्टा फार तर सुमारे 720 मेगाहर्ट्झ मिळतो. दहा टक्के चालवून घेतली तर साधारण दुप्पट. तेही मॅचिंगसाठी हवे तितके भाग वापरून! अंथरूण ठरलेलं आहे, पाय कुठे पसरायचे तेवढं आपल्या हाती. गंमत अशी, की मधल्या एका फ्रिक्वेन्सीवर निर्दोष मॅचिंग साधणं ही इथे उधळपट्टी ठरते. काटकसरी माणूस सगळ्या पट्ट्यात सारखंच थोडं कमी पत्करतो आणि पट्ट्याबाहेर पूर्ण पाठ फिरवतो. परिपूर्णतेच्या वेडाला गणिताने दिलेली इतकी सभ्य चपराक मी दुसरी पाहिलेली नाही.

ही मर्यादा मोडत नाही. पण कपॅसिटरकडे पाहण्याची नजर बदलता येते. विल्यम पर्सिव्हल यांनी 1936 मध्येच व्हॅक्यूम ट्यूबच्या कपॅसिटन्सना कॉइलच्या साखळीत ओवून त्यांचीच ट्रान्समिशन लाइन केली. पट्टा अफाट रुंदावला, पण निम्मा करंट उलट्या दिशेने जाऊन टोकाच्या रेझिस्टरमध्ये जिरू लागला. कार्यक्षमतेचं दिवाळंच.

अभियंते स्टीव्ह क्रिप्स यांचा ‘क्लास जे’ हा अ‍ॅम्प्लिफायरचा प्रकार मला म्हणूनच अधिक शहाणा वाटतो. रूढ क्लास बी मध्ये दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुपटीचा भाग, शॉर्ट करायचा ही शिस्त, आणि आदर्श कार्यक्षमता 78.5 टक्के. क्रिप्स म्हणतात, शॉर्ट करूच नका. तो त्या नकोशा कपॅसिटरवरच सोडा आणि मूळ फ्रिक्वेन्सीच्या लोडमध्ये त्याला जुळेल इतका रिअ‍ॅक्टन्स ठेवा. व्होल्टेजचा आकार बदलतो, कार्यक्षमता तीच राहते. 2009 मध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या गटाने दाखवलं, की बी आणि जे यांच्यामधली प्रत्येक पायरीही तेच 78.5 टक्के देते. लोडला फ्रिक्वेन्सीबरोबर सरकायला मोकळी वाट मिळाली.

फुकट काही नाही. क्लास बी मध्ये पुरवठ्याच्या दुप्पट जाणारं व्होल्टेजचं शिखर इथे जवळजवळ 2.9 पट चढतं. 28 व्होल्टच्या पुरवठ्यावर ते 80 च्या पुढे जातं. इतका ताण सोसणारा गॅलियम नायट्राइडचा ट्रान्झिस्टर हाताशी आल्यावर ही युक्ती सोपी झाली. आणि पट्टा एका सप्तकाहून मोठा झाला, म्हणजे वरचं टोक खालच्याच्या दुपटीपलीकडे गेलं, की खालच्या फ्रिक्वेन्सीचा दुसरा हार्मोनिक पट्ट्याच्या आतच येऊन पडतो. तिथे लोडला शक्ती घ्यायचीच असते, त्यामुळे हार्मोनिकला निव्वळ रिअ‍ॅक्टन्स दाखवणं शक्य नसतं. मग कार्यक्षमता सोडायची, नाहीतर पट्ट्याचे दोन तुकडे करून दोन अ‍ॅम्प्लिफायर लावायचे. मी तुकडेच करीन.