धूर गिळणाऱ्यांसाठी मागणं

देवा हालसिद्धनाथा,

आप्पाचीवाडीच्या तुझ्या यात्रेला आम्ही कोगनोळीकर भंडारा उधळत येतो आणि भाकणूक कान देऊन ऐकतो. पाऊसपाणी कसं होईल, कुठलं पीक साधेल, ऊस-तंबाखूला काय भाव येईल, हे सगळं तुला विचारून झालं. आज मागणं वेगळं आहे. आमच्या आगी विझवता विझवता जे भाजले, जे जायबंदी झाले, ज्यांच्या छातीत धूर बसला, त्यांच्यासाठी मी तुझ्यापुढं हात जोडून उभा आहे. हे मागणं दयेचं नाही, त्यांच्या हक्काचं आहे. ते ऐक.

आमची वस्ती तुला ठाऊक आहे. एका अंगाला दूधगंगा, नदीपलीकडं कागल, मधून पुणे-बंगळूर महामार्ग आणि त्याच्यावर टोलनाका. कारभार कर्नाटकाचा, बोलणं मराठी. उन्हाळा तोंडावर आला की वाऱ्यानं विजेच्या तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि तोडणीला आलेला ऊस बघता बघता पेट घेतो. कधी कडब्याची गंजी जाते, कधी निपाणीत तंबाखूची वखार धुमसते, कधी तवंदी घाटात मालट्रक पेटतो. मग फोन जातात आणि बंब येतो. निपाणीचा येतो, कधी कागलचा येतो, कधी साखर कारखान्याचा येतो. आग हद्द बघत नाही. विझवायला आलेला माणूसही बघत नाही.

पण देवा, तोच माणूस जखमी झाला की हद्द लगेच उभी राहते. कर्नाटकात अग्निशमन दल राज्य सरकारचं. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ते नगरपालिकेचं नाही तर महापालिकेचं. त्यातही कुणी कायम, कुणी रोजंदारीवर, कुणी ठेकेदाराच्या हजेरीपटावर. एकाच बांधावर, एकाच ज्वाळेनं दोघांचे हात भाजले, तर कातडी सारखीच सोलते. पुढचे कागद मात्र दोन वेगळ्या टेबलांवर जातात आणि दोन वेगळ्या वेगानं हलतात. ही तफावत तुझी नाही, आमची आहे. ती मिटवायची बुद्धी आम्हाला दे.

आग आटोक्यात आल्यावर बांधावर टेकलेल्या जवानाकडं एकदा बघ. हेल्मेट काढल्यावर कपाळावर पट्ट्याचा पांढरा वण, खाली सगळं तोंड काजळीनं माखलेलं. तो चूळ भरतो, ती काळी पडते. नाक शिंकरतो, तेही काळं. गाववाले चहा आणतात, पाठीवर थाप देतात. तो हसतो, होज गुंडाळतो आणि पुढच्या वर्दीवर, म्हणजे आगीच्या बोलावण्यावर, जातो. अंगातला तोच घामट, धुरकट गणवेश रात्री घरच्या बादलीत, लेकरांच्या कपड्यांशेजारी भिजत पडतो. टाळ्या मिळाल्या त्या बांधावर. खोकला घरी गेला.

ज्यांना तू आधीच जवळ केलंस, त्यांना आठवतो. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज धुमसत होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि सोबत स्फोटकं. जवान पाणी मारत राहिले. दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटलं आणि मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण गेले. म्हणून दरवर्षी 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. 9 मे 2015 ला काळबादेवीची गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली आणि कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई ढिगाऱ्याखाली गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर भाजलेल्या अंगानं रुग्णालयात झुंजले आणि त्याच महिन्यात तेही गेले. हुद्दा मोठा म्हणून साहेब लांब उभे राहिले नव्हते. या सगळ्यांना तुझ्या पायाशी जागा असू दे.

गेलेल्यांची नावं फलकावर तरी लागतात. मला जास्त काळजी आहे ती जगल्या-वाचलेल्यांची. शिडीवरून पडून ज्याचा मणका गेला, भिंत अंगावर येऊन ज्याचा पाय आखडला, ज्याच्या कानात आता नुसता सायरन वाजतो, त्यांची. 2024 च्या 8 ऑगस्टच्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा कलावंत रडले, सगळा जिल्हा हळहळला. ते रडणं खरंच होतं. पण जे रात्रभर त्या लाकडाच्या आणि पडद्यांच्या धुरात उभे राहिले, त्यांची छाती पुढं कुणी तपासायची, हा प्रश्नही तेवढ्याच मोठ्यानं विचारायला हवा. तो विचारायला आम्हाला वाचा दे.

देवा, माणसांनी कायदा केलेला आहे, हे मी नाकारत नाही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा. कामातून आणि काम चालू असताना इजा झाली, तर भरपाई मालकानं द्यायची, हे त्याचं मूळ. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अग्निशमन दलातल्या नोकरीचा स्पष्ट उल्लेख होता. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. आधी पैसे द्यायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे, हेही लिहिलेलं. देय झालेली रक्कम महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. आता हा विषय 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. कलमं चांगली आहेत. ज्याच्यासाठी ती केली, त्याच्या घरात ती कुणी वाचून दाखवलेली नसतात, एवढंच दुखणं आहे. ठेकेदार म्हणतो पालिकेकडं जा, पालिका म्हणते तू आमचा नाहीस. घरचं माणूस दोन्ही दारं झिजवतं आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत उलटून जाते. त्या घरी कुणीतरी जाणता माणूस पाठव, जो वेळेत अर्ज लिहून देईल.

त्या कायद्यातले आकडेही तुझ्यापुढं ठेवतो. अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के घटली असं धरतात. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर 40 टक्के. फुप्फुसाचा असा तयार आकडा त्या यादीत नाही. ते डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरायचं. 2020 मध्ये हिशेबाला धरायच्या पगाराची मर्यादा महिना 15,000 रुपये ठरली. खरा पगार कितीही असो, 30 वर्षांचा जवान गेला तर त्या सूत्रानं जास्तीत जास्त 15,59,850 रुपये होतात. त्यात म्हातारे आईबाप, तरणी बायको, शाळेतली पोरं, घराचं कर्ज. हे गणित ज्यांच्या हातात आहे त्यांना एकदा त्या घराच्या चुलीपुढं बसव. ही रक्कम पुरते का, हे त्यांनीच सांगावं.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट धुराची. भाजलेलं दिसतं, मोडलेलं दिसतं. धूर दिसत नाही. पूर्वी लाकूड, गवत, कापूस जळायचा. आता घराघरात फोमच्या गाद्या, प्लॅस्टिक, रंग, वायरी. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, सायनाइडचा वायू निघतो, आणि काजळी कातडीतूनही अंगात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2022 मध्ये निकाल दिला की अग्निशमनाचं कामच माणसाला कर्करोग देऊ शकतं. मूत्राशयाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा यांचा पुरावा पुरेसा आहे, असं त्यांनी सांगितलं. अ‍ॅस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर ज्या पहिल्या गटात आहेत, त्याच गटात हे काम बसवलं. तंबाखूच्या मुलखातल्या आम्हा माणसांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

तरी आमच्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांच्या यादीत दगडाच्या भुकटीनं होणारा आजार आहे, कापसाच्या धुळीचा आहे, अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे. आगीवर जन्म काढल्यामुळं झालेला कर्करोग म्हणून वेगळं नाव नाही. म्हणजे निवृत्तीनंतर लघवीतून रक्त गेलं, तर ते कुठल्या आगीमुळं, कुठल्या तारखेला, हे त्या आजारी माणसानंच सिद्ध करायचं. शेकडो वर्द्यांमधली नेमकी कुठली ते तो कसा सांगेल? कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतानं 2002 मध्येच कायदा उलटा फिरवला. ठरावीक वर्षं अग्निशमनात काढलेल्याला ठरावीक कर्करोग झाला, तर तो कामामुळंच झाला असं गृहीत धरायचं. नाही म्हणणाऱ्यानं पुरावा द्यायचा. तिथला धूर आणि इथला धूर वेगळा नाही. इथल्या सरकारांनाही ही सद्‌बुद्धी दे, बंगळूरच्याही आणि मुंबईच्याही, आणि दिल्लीच्या तर आधी दे.

आता एकेकासाठी मागतो.

जवानाला धुरात श्वास घेता यावा म्हणून धडका बीए सेट दे, भरलेला सिलिंडर दे, अंगाला बसणारा गणवेश दे आणि तो ठाण्यातच धुवायची सोय दे. प्रत्येक वर्दीची नोंद त्याच्या नावानं वहीत पडू दे. कुठं गेला, किती वेळ धुरात होता, काय जळत होतं, हे त्या दिवशीच लिहिलं गेलं तर उद्या तीच नोंद त्याची साक्षीदार होईल. दरवर्षी त्याची छाती तपासली जावी आणि निवृत्तीनंतरही ती तपासणी थांबू नये.

त्याच्या बायकोला धीर दे. सायरन वाजला की तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपते, हे कुठल्या फायलीत लिहीत नाहीत. तिला साहेबांपुढं मान खाली घालायची वेळ आणू नकोस.

डॉक्टरांना खरं लिहायची हिंमत दे. धाप लागलेल्या माणसाच्या कागदावर नुसतं ‘दमा’ लिहून ते थांबू नयेत. ‘काय काम करता?’ हा प्रश्न त्यांनी आधी विचारावा आणि उत्तर लिहून ठेवावं.

टेबलापलीकडच्या कारकुनाला, अधिकाऱ्याला कळवळा दे. कागद अपुरा असेल तर तो परत पाठवण्याआधी काय कमी आहे ते त्यांनी सांगावं. हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या नगरसेवकांना, आमदार-खासदारांना सप्ताहाच्या हारांबरोबर अंदाजपत्रकातली तरतूदही आठवू दे.

आणि आम्हा गावकऱ्यांना शहाणपण दे. आमच्या हातून पाचट पेटवलं जाऊ नये, बंबाला वाट अडू नये, उशीर झाला म्हणून जवानावर हात उगारला जाऊ नये. आग विझली की पंचनाम्यात आमचं नुकसान लिहून घेतो, तसं त्या दिवशी जखमी झालेल्याचंही नाव लिहायला लावू. साक्ष द्यायची वेळ आली तर गावातला माणूस मागं हटू नये.

देवा, हे सगळं भंडाऱ्याच्या चिमटीनं होणार नाही, हे मला कळतं. ते माणसांनीच करायचं आहे. म्हणून शेवटचं मागणं असं की आम्हाला हे काम करायला लाव. येत्या 14 एप्रिलला जिथं जिथं सप्ताहाचा हार पडेल, तिथं एक अर्जही पडू दे: ठेक्यावरच्या जवानाला कायम जवानाइतकीच भरपाई द्या, धुराच्या कर्करोगाचं नाव यादीत घाला, आणि सिद्ध करण्याचं ओझं आजारी माणसाच्या डोक्यावरून काढा. त्या अर्जावर कोगनोळीतून पहिली सही माझी असेल. दुसरी तुम्ही करा, गावकरी हो.

हालसिद्धनाथाच्या नावानं चांगभलं.