बुद्धीवरून माणसाची किंमत?



बाळ जन्माला आले की आपण त्याचे वजन विचारतो, रंग पाहतो, नाक कोणासारखे ते ठरवतो. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी काम करते की नाही, हे मात्र पाहून कळत नाही. आपल्या देशात सुमारे हजार ते दीड हजार बाळांमागे एकाला ही ग्रंथी नसते, ती भलत्या जागी असते किंवा पुरेसे संप्रेरक तयार करत नाही. पोटात असताना आईच्या संप्रेरकाचा थोडा आधार मिळालेला असल्याने असे बाळ जन्मतः बहुधा निरोगीच दिसते. ते फार झोपते, कमी रडते, दूध ओढताना थकते, कावीळ लांबते. घरातले कौतुकाने म्हणतात, "किती शांत बाळ!" आणि त्याच आठवड्यांत त्याच्या मेंदूची वाढ मागे पडत असते.

उपाय अगदी साधा आहे. दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन तपासणी होते. कॅनडातील क्युबेक प्रांतात 1974 पासून ती सर्व नवजात बाळांसाठी सुरू झाली. दोष आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज एक छोटी गोळी चुरून आईच्या दुधातून देतात. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर बहुतेक मुले इतरांसारखीच शिकतात. उशीर झाला, तर मेंदूचे नुकसान पूर्णपणे भरून येत नाही.

मग एक प्रश्न पडतो. बुद्धी वाचवण्यासाठी आपण एवढे धडपडतो, तर ज्याची वाचली नाही, तो माणूस म्हणून कमी ठरतो काय?

आल्प्स पर्वतातील खेड्यांत पूर्वी आयोडीनच्या अभावामुळे अशी पुष्कळ मुले जन्मत. तेथील फ्रेंच बोलीत त्यांना 'क्रेटिन' म्हणत. अभ्यासकांच्या मते हा शब्द 'ख्रिस्ती' या शब्दावरूनच आला. हाही आपल्यासारखाच माणूस आहे, असा त्याचा भाव होता. पुढे लोकांनी त्याच शब्दाची शिवी केली. आपणही 'मंद', 'वेडा' म्हणतो, तेव्हा तेच करतो. कोणी आईलाच बोल लावतात, ग्रहण किंवा शाप काढतात. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनीही प्रभू येशूला विचारले होते, पाप कोणाचे? प्रभूने ना त्याला दोष दिला, ना त्याच्या आईबापांना. त्याने त्या माणसाला दृष्टी दिली.

आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. बाळ हुशार झाल्यावर मौल्यवान ठरेल, म्हणून आपण औषध देत नाही. ते आधीच मौल्यवान आहे, म्हणून देतो. स्नानसंस्कारात देवाने त्याला आपले लेकरू म्हटले, तेव्हा त्याची बुद्धी मोजली नव्हती. म्हणून ज्याला उपचार उशिरा मिळाले, त्याचाही धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत तितकाच हक्क आहे.

ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात आपोआप होतेच असे नाही. आपल्या घरात, शेजारी कोणी बाळंतीण असेल, तर बाळाला पाहायला जाताना एवढे जरूर विचारूया: "टाचेच्या रक्ताची तपासणी झाली का?" आणि ज्या घरी असे मूल मोठे होत आहे, त्या घरी या रविवारी मिस्सानंतर थोडा वेळ बसून येऊया.