आधी सूत्रपठण, मग स्क्रूड्रायव्हर

जपानच्या चिबा प्रांतात इसुमी इथे कोफुकुजी नावाचं जुनं बौद्ध मंदिर आहे. २०१५पासून तिथे यंत्रकुत्र्यांचे अंत्यविधी होऊ लागले. सोनी कंपनीचा ‘आयबो’ हा यंत्रकुत्रा १९९९मध्ये बाजारात आला, २००६मध्ये त्याचं उत्पादन थांबलं आणि २०१४मध्ये कंपनीने दुरुस्तीही बंद केली. मग सोनीतल्याच काही माजी अभियंत्यांनी हे काम अंगावर घेतलं. नवे भाग मिळत नसल्याने एकाचा पाय काढून दुसऱ्याला बसवायचा, एवढाच इलाज उरला. पण ज्याचे भाग काढायचे, त्याला आधी मंदिरात नेतात. अंगावर नावगावाची चिठ्ठी, समोर उदबत्ती, भिक्षूंचं सूत्रपठण. स्क्रूड्रायव्हर त्यानंतर.

परदेशी वार्ताहरांना यात मोठं नवल वाटलं: जपानी माणसं यंत्रातही जीव मानतात म्हणे! हा अर्थ जरा घाईचा आहे. इथला विधी यंत्र जिवंत ठरवण्यासाठी कमी आणि ते निर्धास्तपणे उघडता यावं यासाठी जास्त आहे. उत्तरपूजा झाल्याशिवाय गणपती जागचा न हलवणाऱ्या मराठी माणसाला हे चटकन कळेल.

वस्तूंशी असं वागण्याची रीत तिकडे जुनी. मुरोमाची काळातल्या चित्रगुंडाळ्यांमध्ये वर्षअखेरीच्या साफसफाईत फेकून दिलेली भांडीकुंडी चिडतात, भुतं होतात, माणसांवर सूड उगवतात आणि शेवटी बौद्ध साधना करून चक्क बुद्धत्वाला पोहोचतात. आजही शिवणाच्या मोडक्या सुया मऊ तोफूत टोचून त्यांना निरोप देतात.

पण बौद्ध विचाराच्या कसोटीवर हे टिकतं का? यंत्रकुत्र्यात आत्मा आहे का, हे विचारणाऱ्याने माणसात तो आहे हे गृहीत धरलेलं असतं, आणि बुद्धाने नेमकं तेच नाकारलं. ज्याच्या नावाने बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, त्या मिलिंद राजाला भिक्षू नागसेन विचारतो, की रथ म्हणजे चाक, आस की जू? सुटा एकही भाग रथ नव्हे, आणि भागांपलीकडे रथ म्हणून वेगळं काही सापडतही नाही. मग माणूस आणि आयबो यांच्यातलं अंतर प्रकाराचं नाही, फार तर प्रमाणाचं उरतं.

ओसाकाच्या बुनराकू या बाहुल्यांच्या रंगभूमीवर सुट्या भागांचा हाच खेळ उघड्यावर चालतो. एक बाहुली, तीन माणसं: मुख्य सूत्रधार चेहरा उघडा ठेवून डोकं आणि उजवा हात हलवतो, काळ्या बुरख्यातले दोघे डावा हात आणि पाय सांभाळतात. स्त्री-बाहुल्यांना बहुधा पायच नसतात. किमोनोचा घेर हलवून चाल दाखवतात. नाटककार चिकामात्सूच्या १७०३च्या ‘सोनेझाकी शिंजू’मध्ये मात्र नायिका ओहात्सूला अपवाद म्हणून पाऊल दिलं जातं. ओसरीखाली लपलेला तिचा प्रियकर ते पाऊल स्वतःच्या गळ्यावरून फिरवतो आणि तिच्यासोबत मरायची तयारी बोलल्याविना कळवतो. लाकडी पावलाकडे बघून प्रेक्षक डोळे पुसतात. प्रयोग संपल्यावर बाहुली सुटी होते. तेच मस्तक नवा केशसंभार घेऊन दुसऱ्या नाटकात दुसरीच बाई होतं. फसवणूक कुठेच नाही, तीन माणसं तर समोरच उभी असतात.

यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांना हे नेमकं दिसलं होतं. माणसाच्या फार जवळ गेलेलं यंत्र अंगावर काटा आणतं, हे १९७० साली मांडताना त्यांनी बुनराकूची बाहुली त्या भीतीच्या दरीपलीकडे, जिवंत माणसाच्या शेजारी ठेवली. पुढे यंत्रमानवातही बुद्धत्वाची शक्यता असते असं त्यांनी एका पुस्तकात लिहिलं. हे विधान पटायला जड आहे, पण ते भाबडं नाही. बाहुली, ती हलवणारे आणि ती बघणारे यांना वेगळं काढून ‘जीव नेमका कुणात?’ असं विचारणंच त्यांना चुकीचं वाटत असावं.

२०१८मध्ये नवा आयबो आला. त्याच्या आठवणी आणि सवयी क्लाउडवर साठतात, आणि त्यासाठी मालक वर्गणी भरतो. याचा अंत्यविधी करायची वेळ आली, तर वेदीवर काय ठेवायचं, हे भिक्षूंना नव्याने ठरवावं लागेल.