पणती, श्वास आणि ‘केवळ’

“माणूस म्हणजे काय? थोडा कर्ब, थोडा नत्र, पुष्कळसे पाणी. केवळ एवढेच!” असे ठणकावणारा एखादा तरी भाचा दिवाळीच्या फराळाला हजर असतोच. त्याचे आकडे खोटे नसतात. ५० किलो वजनाच्या माणसात सुमारे ९ किलो कर्ब असतो खरा. माझे भांडण आहे ते त्याच्या ‘केवळ’शी. भाजणी, तेल नि मीठ यांचा हिशेब मांडून चकलीला ‘केवळ’ म्हणण्याची त्याची छाती घरात का होत नाही, हे त्याने आपल्या आईला विचारावे.

पणतीवर धरलेल्या ताटलीला काजळी धरते, ती कर्बच. आणि ते काजळ ज्या पापणीला लागते, तिच्यातही कर्ब आहेच. अणू तोच, जोडणी निराळी. कर्बाच्या अणूला चार हात असतात म्हणा ना. त्या हातांनी तो दुसऱ्या अणूंना धरतो, आपल्याच भाईबंदांच्या लांबच लांब साखळ्या करतो. साखर, तेल, मांस हे सारे त्या साखळ्यांचेच संसार.

१७८३ साली पॅरिसमध्ये लाव्हाझिए व लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या उबेने वितळलेला बर्फ आणि त्याच्या श्वासातून निघणारा कर्बाम्लवायू यांचा मेळ त्यांनी जळत्या कोळशाशी घालून पाहिला. तो बऱ्याच अंशी जमला. श्वसन हे मंद ज्वलन आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. (पुढे १७९४ मध्ये लाव्हाझिएचाच श्वास गिलोटिनखाली थांबविण्यात आला.)

म्हणजे जे तेल पणतीत जळते, तेच चकलीतून आपल्यात जळते. शेवटी दोहींकडे कर्बाम्लवायू आणि पाणी. ज्योत हे काम एका झेपेत करते; शरीर पायरी-पायरीने करते आणि वाटेत थोडी शक्ती कामासाठी राखून ठेवते. तरीही स्वस्थ बसलेला माणूस जुन्या १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता देत असतो!

तेल संपले की ज्योत वातीवर येते. माणसाचेही तेच. यकृतातील साखरेचा साठा साधारण दिवसभरात सरतो, मग चरबी जळू लागते, आणि सरतेशेवटी स्नायू. उपाशी माणूस नुसता विझत जात नाही. तो स्वतःला जाळून जगत असतो. (एकादशीची गोष्ट वेगळी. साबुदाण्याच्या खिचडीत तेल-साखरेची चणचण कधीच नसते.) एवढे कळल्यावरही भुकेपुढे ‘केवळ’ म्हणावयाचे असेल, तर त्याचा दोष रसायनशास्त्राकडे जात नाही.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे गेली. कित्येक अशी वातीसारखी जळत, कित्येक त्या दुबळेपणात साथींनी. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, त्या वर्षी बंगालमध्ये धान्य काही फारसे घटलेले नव्हते. तांदळाचे भाव चढत गेले, आणि शेतमजुराची मजुरी मागे राहिली.