अस्वस्थतेचे मार्क

‘डिसेक्शनच्या पहिल्या दिवशी मला अस्वस्थ वाटलं.’ १ म्हणजे पूर्णपणे असहमत, ५ म्हणजे पूर्णपणे सहमत. योग्य आकड्याला गोल करा. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचा अ‍ॅनाटॉमी शिकण्याचा अनुभव मोजायचा, तर साधारण अशीच प्रश्नावली वाटली जाते. ही पट्टी रेन्सिस लायकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली, आणि ती उपयोगी आहे. फॉर्मॅलिनने डोळे किती चुरचुरतात, टेबलाभोवतीच्या गर्दीत मागच्यांना काही दिसतं का, प्लास्टिकच्या मॉडेलवर जास्त समजतं की खऱ्या शरीरावर, हे मुलांना विचारल्याशिवाय कळणार नाही. कळलं तर सुधारता येईल. त्यामुळे अशा मोजणीला सरसकट नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

अडचण येते ती अस्वस्थतेपाशी. समजा, एका मुलीने पहिल्या आठवड्यात ५ ला गोल केला आणि सहा महिन्यांनी १ ला. तक्त्यात ही सुधारणा म्हणून दिसेल. पण या उताराचे अर्थ दोन असू शकतात. एक, तिची भीती गेली, हात स्थिर झाला, तरी समोर एके काळी जिवंत माणूस होता हे भान टिकलं. दुसरा, ते भानच गेलं. आकडा दोन्हीकडे तोच. पहिला बदल आपल्याला हवाच आहे. हात थरथरणारा सर्जन कोणालाच नको असतो. दुसरा बदल मात्र पुढे वॉर्डात पोचतो, आणि तिथे पेशंटचं नाव जाऊन ‘बारा नंबरचं अपेंडिक्स’ उरतं.

मग थेट आदराबद्दलच विचारावं? २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात ‘मृतदेह हा आपला पहिला शिक्षक’ या अर्थाचा एक धडा आहे. अनेक कॉलेजांत डिसेक्शनआधी शपथही घेतली जाते. हे चांगलंच झालं. पण शपथ घेऊन आलेल्या मुलाला ‘तुम्हाला मृतदेहाबद्दल आदर वाटतो का?’ असं विचारलं, तर तो ५ सोडून दुसऱ्या कशाला गोल करेल? अपेक्षित उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं.

अशा अभ्यासात प्रश्नावलीबरोबर संमतिपत्रही असतं. नाव गुप्त राहील, भाग घेणं ऐच्छिक आहे, कधीही माघार घेता येईल. त्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी. हे योग्यच आहे. आता टेबलाकडे बघू. देहदान केलेल्या माणसाने जिवंतपणी विचार करून होकार दिलेला असतो. पण १९४९ च्या बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टने बेवारस मृतदेहही मेडिकल कॉलेजांना देण्याची सोय केली, आणि अशा देहांवर आपल्याकडच्या डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. त्या माणसांनी ‘हो’ म्हटलं नव्हतं. त्यांच्या वतीने ‘नको’ म्हणायला कोणी आलं नाही, इतकंच. बहुतेक वेळा ही माणसं गरीब, एकटी, घरापासून तुटलेली. वीस प्रश्नांसाठी आपण सही घेतो. आणि ज्याच्या देहावर शिकायचं, त्याच्या बाबतीत कोणी दावा न सांगणं पुरेसं मानतो.

म्हणून डिसेक्शन बंद करा असं मी म्हणत नाही. या देहांवर शिकलेल्या हातांनी आपल्या सगळ्यांच्याच घरातलं कोणी ना कोणी वाचवलं असेल. ते ऋण आहे, आणि ते बऱ्याचदा न विचारता घेतलेलं आहे. विद्यार्थ्याचा अनुभव मोजताना हे त्याच्यापर्यंत पोचलं का, हेही विचारायला हवं.

त्यासाठी पट्टीशिवायचा एक प्रश्न पुरे: ‘तुमच्या टेबलावर कोण होतं आणि ते इथे कसं आलं, याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?’ तैवानच्या त्झू ची विद्यापीठात विद्यार्थी देहदात्याच्या कुटुंबाला भेटतात, त्याच्या आयुष्याबद्दल ऐकतात. तिथले विद्यार्थी या प्रश्नावर पानभर लिहू शकतील. आपल्याकडे नाव सांगता आलं नाही, तरी हा देह दान केलेला आहे की बेवारस, एवढं पहिल्या दिवशी सांगायला काय हरकत आहे? तेही न सांगता मुलांनी ती जागा कोरी सोडली, तर त्यांचे मार्क कापू नयेत.